सबअ‍ॅक्यूट विभागातील व्हेंटिलेटरची शुश्रूषा

अतिदक्षता विभागाची गरज संपली, पण घरी किंवा साध्या शुश्रूषागृहात ठेवता येत नाही, अशा रुग्णांसाठी अमेरिकेत सबअ‍ॅक्यूट विभाग असतात. कॅलिफोर्नियात मेडि-कॅल या सरकारी आरोग्य योजनेखाली या सेवेची वेगळी वर्गवारी आहे. इथले बहुतेक रुग्ण गळ्याला छेद देऊन बसवलेल्या नळीतून, म्हणजे ट्रॅकमधून, श्वास घेतात आणि त्यांतल्या अनेकांना व्हेंटिलेटर लागतो. मानेत मज्जारज्जूला इजा झालेला तरुण, एएलएस या चेतापेशींच्या आजाराने स्नायू निकामी झालेली स्त्री, हृदय बंद पडून मेंदूचा प्राणवायू तुटलेला गृहस्थ शेजारशेजारच्या खाटांवर असतात. मुक्काम महिन्यांचा, कधी वर्षांचाही. त्यामुळे परिचारिकेला रुग्णाचा खोकलासुद्धा ओळखीचा होतो, आणि या कामातले खरे ज्ञान तेच आहे.

पाळी बदलताना रिपोर्ट घेतल्यावर आधी खाटेशेजारची सामग्री पाहायची असते: अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी), चालू स्थितीतले सक्शन, त्याच मापाची एक जादा ट्रॅक नळी आणि तिच्याहून एक माप लहान दुसरी. नळी अचानक निघून आली आणि छिद्र आकसू लागले, तर लहान नळीच आत जाते. कपाटात शोधाशोध करण्याइतका वेळ तेव्हा नसतो.

दिवसभर सर्वांत जास्त वेळा होणारे काम सक्शनचे. ते घड्याळ लावून नव्हे, गरजेनुसार करतात: छातीत घरघर ऐकू आली, नळीत कफ दिसला, व्हेंटिलेटरवरचा दाब वाढला की. आधी १०० टक्के प्राणवायू द्यायचा, कॅथेटर आत नेताना ओढ बंद ठेवायची, बाहेर काढताना सुरू करायची. सगळे १५ सेकंदांच्या आत. कफाबरोबर हवाही ओढली जाते, म्हणून ही मर्यादा. या काही सेकंदांत रुग्णाचा चेहरा लाल होतो, डोळ्यांत पाणी येते. आपण काय करणार आहोत ते रुग्णाला आधी सांगावे, तो बेशुद्ध दिसत असला तरीही. याबाबत प्रस्तुत लेखिकेचे मत ठाम आहे.

यंत्र वाजले की आधी रुग्णाकडे पाहायचे, मग पडद्याकडे. कमी दाबाची सूचना बहुधा नळी सुटल्याची किंवा गळतीची असते. जास्त दाबाची, कफ अडकल्याची, नळी दुमडल्याची किंवा खोकल्याची. लेखिकेच्या एका रात्रपाळीत पहाटे तीनच्या सुमारास जास्त दाबाची घंटा वाजली आणि एका रुग्णाचे सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण, ९६ वरून ८३ वर आले. सक्शनचे कॅथेटर आतच जाईना. ट्रॅकच्या आतली नळी काढली, तर ती सुकलेल्या कफाने बुजलेली होती. नवी बसवून अंबू बॅगने काही श्वास दिल्यावर आकडा वर चढला. ह्युमिडिफायरमधले पाणी संध्याकाळीच संपले होते. कोरड्या हवेने कफ घट्ट झाला होता. रिपोर्ट घेताना पाण्याची पातळी पाहणे लेखिकेचे काम होते आणि ते राहून गेले होते. त्यानंतर तिची पाळी नेहमी ह्युमिडिफायरपासून सुरू झाली.

दर दोन तासांनी कूस बदलणे, डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवणे, तोंड स्वच्छ करणे आणि पोटात बसवलेल्या पेगच्या नळीतून अन्न देणे ही कामे साधी दिसतात. बेडसोअर आणि फुप्फुसांचा जंतुसंसर्ग मात्र त्यांच्यामुळेच टळतात.

ट्रॅकच्या टोकाचा फुगा फुगवलेला असताना हवा स्वरयंत्रापर्यंत पोहोचत नाही, म्हणून रुग्ण बोलू शकत नाही. पापण्यांची उघडझाप आणि अक्षरांचा फलक यांवर भागवावे लागते. डेव्हिड म्युर हा स्वतः मस्क्युलर डिस्ट्रॉफीमुळे व्हेंटिलेटरवर असलेला तरुण. त्याने १९८०च्या दशकात बोलण्यासाठी एकमार्गी झडप तयार केली. ती लावण्यापूर्वी फुगा पूर्ण रिकामा करावाच लागतो. नाही तर आत गेलेल्या हवेला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि रुग्ण गुदमरतो. लेखिकेच्या देखरेखीखालच्या एका वृद्धाला अनेक महिन्यांनी ही झडप लावली, तेव्हा त्याने पहिली मागणी केली ती टीव्ही बंद करण्याची. त्याला सोबत व्हावी म्हणून तो रोज सकाळी लावला जात होता. त्या दिवसापासून फलकावर ‘टीव्ही’ हा शब्द लिहिला गेला.

काही रुग्णांचा व्हेंटिलेटर हळूहळू सुटतो. आधी दिवसा थोडा वेळ गळ्यापाशी फक्त ओलसर प्राणवायू देतात. श्वासाची गती, घाम, मानेच्या स्नायूंची ओढ पाहत हा वेळ वाढवतात. रात्रीची सोडवणूक शेवटी होते. थकवा दिसला की पुन्हा यंत्र जोडायचे, आणि ते अपयश नव्हे हे रुग्णाला दर वेळी सांगायचे. रात्रही यंत्राविना निभावली, खोकला पुरेसा जोरकस झाला, की ट्रॅक काढण्याचा विचार होतो. नळी निघाल्यावर छिद्रावर फक्त गॉजची घडी लावतात. बोलताना आणि खोकताना रुग्णाने ती बोटांनी दाबून धरायची असते. बऱ्याच जणांचे छिद्र काही दिवसांत आपोआप भरून येते.