ठिपक्यांचं पुस्तक

भोपाळच्या एसएसबीत पाचव्या दिवशी माझा चेस्ट नंबर पुकारला गेला. बाबांना फोन करून मी फक्त "झालं" एवढंच म्हणालो. बाबा निवृत्त सुभेदार; पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. मग मेडिकलला डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं. पहिल्या पानावरचा 12 मी वाचला. तो सगळ्यांनाच वाचता येतो. पुढच्या बहुतेक पानांवर मला नुसते ठिपके दिसले. कलर व्हिजनमध्ये अनफिट. अपील केलं, तिथेही तेच.

खरं सांगायचं तर खुणा आधीपासून होत्या. एनसीसीच्या मॅप रीडिंगला टोपोशीटवरच्या जंगलाच्या हिरव्यात तपकिरी कंटूर मला सापडायच्या नाहीत. उस्ताद ओरडायचे, "ध्यान किधर है?" मलाही वाटायचं, आपलं लक्षच नाही. तुमच्यापैकी कुणाचं असं होत असेल तर येत्या सुट्टीत डोळे तपासून घ्या. बारावीनंतर कळण्यापेक्षा आठवीत कळलेलं बरं.

घरी त्याहून अवघड झालं. लाल-हिरव्याचा हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. आमच्या मामाला कच्चा आणि पिकलेला टोमॅटो ओळखता येत नाही, यावर घरात वर्षानुवर्षं विनोद व्हायचे. ते एकदम बंद झाले. आईने ते फार मनाला लावून घेतलं. माझ्यासमोर ती रंगाचं नावसुद्धा घेईना.

रेखाचित्रं बरी यायची म्हणून बडोद्याला ग्राफिक डिझाइनला आलो. डोळ्यांचं कुणालाच सांगितलं नाही. दुसऱ्या सत्रात रंगाचा कोर्स लागला. पोस्टर कलरच्या बाटल्यांवरची नावं वाचून मी काम भागवत होतो. पण पॅलेटवर कालवलेल्या रंगाला लेबल नसतं. एकदा मॅडम माझ्या टेबलापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "हे झाड वाळलंय का?" मी हिरवंगार झाड काढलं होतं. मग सगळं सांगून टाकलं आणि दुसऱ्या मेडिकल बोर्डाच्या निकालाची वाट पाहत उभा राहिलो.

त्यांनी सहानुभूती वगैरे काही दाखवली नाही. "मग रंग बाजूला ठेव. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत 10 पायऱ्या करून आण. प्रत्येक पायरीतलं अंतर डोळ्याला सारखं दिसलं पाहिजे."

वाटलं, तासाभराचं काम. चार रात्री गेल्या. पांढऱ्यात थेंबभर काळा पडला की रंग एकदम खाली उतरतो आणि पुढे कितीही ओता, फरक जाणवत नाही. सारखं माप घातल्याने सारखी पायरी होत नाही. प्रत्येक पायरी डोळ्यानेच ठरवावी लागते. तिथे मला पहिल्यांदा कळलं की प्रत्येक रंगाला स्वतःचा उजळपणा असतो. भडक पिवळाही उजळच असतो, गडद निळा मुळातच खोल. दोन रंगांचा उजळपणा सारखा असेल, तर लालावरचं हिरवं अक्षर चांगल्या डोळ्यांनाही वाचायला त्रास देतं. पुढे मॅडमनी सगळ्यांच्या पोस्टरच्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स काढून आणल्या. कित्येकांचा मजकूर गायब. माझा जसाच्या तसा होता, कारण मी रंगावर विसंबूच शकत नव्हतो.

योसेफ आल्बर्स यांचं 1963 सालचं एक पुस्तक आहे, त्यातला प्रयोगही आम्ही केला. एकाच कागदाच्या दोन पट्ट्या वेगवेगळ्या रंगांवर ठेवायच्या. अख्खा वर्ग पैजेवर सांगत होता की पट्ट्या दोन रंगांच्या आहेत. पट्ट्या शेजारी आणल्या आणि सगळे गप्प. त्या दिवशी मी मनापासून हसलो.

शेवटच्या प्रकल्पासाठी मी आपल्या शाळेचा हाऊसच्या गुणांचा तक्ता घेतला. लाल आणि हिरवं हाऊस मी सात वर्षं रंगावरून नाही, जागेवरून ओळखत होतो. नव्या तक्त्यात एकाला तिरपे पट्टे, एकाला ठिपके आणि प्रत्येक पट्टीवर हाऊसचं नाव आहे. शाळेकडे पाठवला आहे. आवडला तर लावा.

त्याच निमित्ताने ते ठिपक्यांचं पुस्तक पुन्हा उघडलं. ते करणारे शिनोबू इशिहारा जपानी लष्करातले डॉक्टर. पुस्तक 1917 चं. आता मी ते डिझाइन म्हणून पाहत होतो. ठिपके लहानमोठे, काही उजळ, काही गडद, आणि हे सगळं मुद्दाम. उजळपणावरून कुणाला आकडा ओळखता येऊ नये म्हणून. म्हणजे मी शिकलो होतो तीच वाट या माणसाने आधीच बुजवून ठेवली होती! राग येण्याऐवजी कौतुकच वाटलं. युनिफॉर्मची हळहळ मात्र अजून आहे. ती या कोर्सने गेली नाही.

त्या पुस्तकात काही पानं उलटीही आहेत. चांगल्या डोळ्यांना तिथे आकडा दिसत नाही, आमच्यासारख्या बऱ्याच जणांना दिसतो. दिवाळीत त्यातलं एक पान मी आईसमोर धरलं.

"काही नाही रे, नुसते ठिपके," ती म्हणाली.

मामा चहा पीत होता. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "अगं ताई, पाच आहे की तिथे. एवढा मोठा!"

आईने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग माझ्याकडे, मामाकडे पाहिलं, आणि तिला हसू आवरेना.