शतपावली

मराठी भाषेने काही शब्द असे घडविले आहेत की, त्यांत एखादा संपूर्ण दिनक्रम साठवलेला असतो. ‘शतपावली’ हा त्यांपैकी एक. फिरावयास जाण्याहून ही क्रिया अगदी निराळी. फिरावयास जाणारा मनुष्य पायांत वहाणा सरकवतो, कोठे तरी जातो आणि तेथून परत येतो. शतपावली करणारा कोठेच जात नाही. रात्रीचे जेवण आटोपले, सुपारीचे खांड तोंडात टाकले, की हात पाठीशी बांधून तो ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालू लागतो. ओसऱ्या गेल्या, त्यांच्या जागी चाळींच्या गॅलऱ्या आल्या. गॅलऱ्याही जाऊ लागल्या, आणि आता दिवाणखाना ते स्वयंपाकघर एवढाच पल्ला उरला आहे. शब्द मात्र टिकून आहे. क्रिया तितकीशी टिकली आहे की नाही, याची मला शंका वाटते. कारण हल्ली जेवणानंतरचा आमचा काळ बहुधा कोणत्या ना कोणत्या पडद्यासमोर बसून व्यतीत होतो.

या आचाराचा उगम शोधू गेल्यास थेट सुश्रुतसंहितेपर्यंत पोहोचता येते. भोजनानंतर अन्नाची सुस्ती उतरेपर्यंत राजासारखे स्वस्थ बसावे, मग शंभर पावले चालावे, आणि त्यानंतर डाव्या कुशीवर पडावे, असा क्रम तेथे सांगितला आहे. या तीन आज्ञांपैकी पहिली आणि तिसरी आपल्या समाजाने किती निष्ठेने पाळली आहे, हे रविवारी दुपारी कोणत्याही घरात डोकावल्यास दिसून येईल. संक्रांत आली ती काय मधलीवरच.

एवढे सांगितले की, ‘पाहा, आमच्या पूर्वजांस सारे ठाऊक होते’ असा उद्गार काढण्याचा मोह पुष्कळांस होतो. मला तो होत नाही. जुन्या वैद्यांनी अनुभवावरून एक चांगली सवय हेरली, त्याचे श्रेय त्यांस अवश्य द्यावे. परंतु ती चांगली का, कितपत चांगली आणि कोणासाठी चांगली, हे सांगावयाचे तर मोजमाप करावे लागते. चालण्यासारख्या फुकट आणि क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीचे असे मोजमाप गेल्या पाऊणशे वर्षांत ज्यांनी केले, त्यांची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

तिचा आरंभ लंडनच्या दुमजली बसगाड्यांत होतो. जेरी मॉरिस नावाचे एक डॉक्टर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी वैद्यकीय दलात असताना हिंदुस्थानात राहून गेले होते. युद्ध संपल्यावर मायदेशी परतून ते एका कोड्याच्या मागे लागले. इंग्लंडात हृदयविकाराने दगावणाऱ्या प्रौढ पुरुषांची संख्या एकसारखी वाढत होती आणि कारण कोणास सांगता येत नव्हते. मॉरिस व त्यांचे सहकारी यांनी ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे ३१,००० परिवहन कामगारांची १९४९ आणि १९५० या दोन वर्षांतील माहिती तपासली. बस तीच, रस्ते तेच, पगारात आणि राहणीत मोठेसे अंतर नाही. भेद इतकाच की, चालक कामाच्या वेळेपैकी जवळजवळ नऊदशांश वेळ बसलेला, आणि तिकिटे देणारा वाहक दिवसाकाठी ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. हृदयविकार वाहकांमध्ये कमी आढळला, झाला तर उशिरा झाला, आणि पहिल्याच झटक्यात प्राण जाण्याचे प्रमाणही त्यांच्यात कमी होते. टपाल खात्यातही तोच प्रकार दिसला. दारोदार पत्रे वाटणारे, कचेरीत बसून लेखणी चालविणाऱ्यांपेक्षा सुरक्षित होते. हा निबंध १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

मला या संशोधनातील सर्वांत मनोवेधक भाग पुढचा वाटतो. मी आयुष्याची तीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकविण्यात घालविली आहेत. त्यामुळे ‘अमुक झाले, म्हणून तमुक झाले’ असे कोणी म्हणताच माझे कान टवकारतात. मूळचेच जे लठ्ठ आणि बैठे, ते चालकाची नोकरी पत्करीत असतील. जे सडपातळ आणि चपळ, ते वाहक होत असतील. मग पायऱ्यांचे पुण्य ते काय राहिले? मॉरिस यांच्या मंडळींनी या आक्षेपाचा शोध चक्क शिंप्याच्या वहीत घेतला. लंडनच्या बससेवकांस गणवेष मिळत असे आणि त्याची मापे नोंदलेली असत. १९५६ साली त्यांनी विजारींच्या कंबरेची मापे घेऊन एक निबंध लिहिला. चालकांच्या कंबरा खरोखरच अधिक रुंद निघाल्या, आणि तरुणपणी नोकरीस लागतानाही तसा फरक होताच. म्हणजे आक्षेपात तथ्य होते. आपल्याच सिद्धान्ताला बाधक असा पुरावा स्वतः धुंडाळून स्वतःच छापावा, ही सचोटी मला त्या सिद्धान्ताइतकीच मोलाची वाटते. पुढील तपासात मात्र असेही दिसून आले की, एकाच जाडीच्या चालकाची आणि वाहकाची तुलना केली, तरी वाहकाचेच पारडे जड राहते. एवढ्यानेही समाधान न मानता त्यांनी नंतर सुमारे १७,००० सरकारी अधिकारी घेतले. हे सारे खुर्चीवर बसून काम करणारे; तेथे व्यवसायाचा भेदच नाही. फावल्या वेळात जे जोमाने व्यायाम करीत, त्यांच्यात हृदयविकार पुष्कळ कमी आढळला. ही गोष्ट १९७३ सालची.

मौज अशी की, हाच शोध मुंबईत लावू म्हटले असते तर कदाचित लागला नसता. मुंबईत दुमजली बस १९३७ साली आली आणि जुन्या धाटणीची शेवटची गाडी २०२३ च्या सप्टेंबरात रस्त्यावरून गेली. परंतु त्या गाड्यांत वरच्या मजल्यास एक व खालच्यास एक असे दोन वाहक असत. जिना चढण्याउतरण्याची तपश्चर्या तेथे उतारूंच्याच वाट्याला होती.

या संशोधनाशी माझे नाते केवळ पुस्तकी नाही. माझे वडील, आम्ही त्यांस अण्णा म्हणत असू, मुंबईच्या कोट भागातील एका कचेरीत हेडक्लार्क होते. कचेरी पाचव्या मजल्यावर. उद्वाहन साहेब लोकांसाठी आणि कारकुनांसाठी होते; शिपायांनी फायली घेऊन जिन्याने जावे असा दंडक होता. अण्णांच्या खात्यातील शिपाईमामा दिवाळीला फराळास आमच्या घरी येत आणि आज किती वेळा जिना घातला याचा हिशेब हसत हसत सांगत. १९८६ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, अण्णा कचेरीतल्या खुर्चीवर बसल्या जागी गेले. शिपाईमामा पुढे वीस-बावीस दिवाळ्या येत राहिले, आणि ऐंशी उलटून गेल्यावरही आमच्या तिसऱ्या मजल्यावर दम न लागता चढून येत.

या दोन आयुष्यांवरून काही सिद्ध होते असे मी मुळीच म्हणणार नाही. अण्णा सिगारेट ओढीत. शिपाईमामांस कसलेच व्यसन नव्हते. दोन माणसांवरून नियम बांधणारा विद्यार्थी माझ्या हातून उत्तीर्ण होणे कठीण. तरी पण मॉरिस यांच्या निबंधातील ते दोन रकाने मी प्रथम वाचले, तेव्हा त्यांतील एका रकान्याला मला चेहरा दिसला हे खरे. अण्णांना जे वय पाहावयास मिळाले नाही, ते मी दोन वर्षांपूर्वी ओलांडले.

आता कोणी म्हणेल की, अंगाने सडपातळ असलेल्यास ही चिंता कशाला? अण्णाही सडपातळच होते. या भ्रमाचे निरसन पुण्याच्याच एका डॉक्टरांनी केले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले होते. उंचीच्या मानाने वजनाचे जे गुणोत्तर काढतात, ते दोघांचेही तंतोतंत २२.३. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के भरली आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांची २१.२ टक्के! वरून किडकिडीत आणि आतून मेदस्वी, अशी ही आम्हा भारतीयांची ठेवण मधुमेहाला लवकर बळी पडते. त्या छायाचित्राखाली असेही नमूद होते की, एक लेखक मॅरेथॉन धावतात, तर दुसऱ्यांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयातील उद्वाहनाचे दार मिटण्यापूर्वी ते गाठण्यासाठी केलेली धावपळ. स्वतःच्या देहाचा असा दृष्टान्त करून जगापुढे मांडणाऱ्या विद्वानाबद्दल मला फार आदर वाटतो.

येथे आपण पुन्हा शतपावलीकडे वळू. जेवणानंतर रक्तातील साखर चढते. ती पेशींत शिरावी म्हणून एरवी इन्शुलिनने येऊन पेशीच्या दाराची कडी काढावी लागते. मधुमेहाकडे झुकलेल्या माणसाची अडचण ही की, ही कडी नीट निघत नाही. परंतु काम करणारा स्नायू इन्शुलिनची वाट पाहत नाही. आकुंचन पावता पावता तो आतूनच दार उघडतो आणि रक्तातील साखर ओढून घेतो. शरीरातील मोठाले स्नायू मांड्यांत आणि पोटऱ्यांत असतात, आणि चालताना नेमके तेच कामास लागतात. अमेरिकेतील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात यावर एक छोटासा प्रयोग झाला, त्याचा निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला. साठी उलटलेल्या, बैठ्या सवयीच्या दहा व्यक्ती निवडल्या. त्यांनी एका खेपेस सकाळी सलग ४५ मिनिटे चालावयाचे आणि दुसऱ्या खेपेस प्रत्येक जेवणानंतर १५ मिनिटे, असे तीनदा. दिवसभराची साखर दोन्ही प्रकारांनी सुधारली. परंतु रात्रीच्या जेवणानंतरचा चढ उतरविण्यात जेवणानंतरचे चालणेच सरस ठरले. दहा माणसे म्हणजे काही फार नव्हेत, हे मीच प्रथम सांगतो. तथापि, प्रयोगामागील शरीरव्यापार पक्का ठाऊक असला म्हणजे लहान प्रयोगासही वजन येते. शंभर पावले चालण्यास जेमतेम एक मिनिट लागते. तेव्हा प्राचीनांचा आकडा वाढवून पंधराशेच्या घरात न्यावा लागेल, एवढाच काय तो फरक.

गेल्या वर्षी माझ्या रक्ताची तपासणी झाली, तीत तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.१ आला. ‘सीमेवर आहात,’ एवढेच आमच्या डॉक्टरांनी सांगितले. तेव्हापासून रात्री जेवण झाल्यावर मी इमारतीच्या आवारात पाव तास चालतो. सहा महिन्यांनी आकडा ५.८ झाला. पण याच काळात चहातील साखरही मी सोडली होती; त्यामुळे कशाचा गुण किती, हे ठरविण्यास मार्ग राहिला नाही. ही अडचण मी घरात बोलून दाखविली, तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘आकडा उतरला ना? मग श्रेयाची वाटणी तुम्ही आणि तुमचे तर्कशास्त्र मिळून सावकाश करा.’’ नंतर त्याही माझ्याबरोबर खाली येऊ लागल्या. चालताना आम्ही बोलतो. घरात इतके सलग बोलणे बऱ्याच वर्षांत झाले नव्हते. याचा मात्र कोणत्याही निबंधात उल्लेख मला आढळलेला नाही.

दहा हजार पावलांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण हा आकडा आता घरोघरी मंत्रासारखा जपला जातो. तो कोणा शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानात व्यायामाची लाट आली. तिच्या जोरावर एका घड्याळ बनविणाऱ्या कंपनीने १९६५ साली पावले मोजण्याचे यंत्र विक्रीस काढले आणि त्याचे नाव ठेवले ‘मानपोकेइ’, म्हणजे दशसहस्रपादमापक. नाव सुटसुटीत होते, आकडा भरदार होता, तो जगभर पसरला. पुढे २०१९ साली अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होते, आणि साधारण ७,५०० च्या पुढे गेल्याने अधिक लाभ दिसला नाही. येथेही आमचा जुना आक्षेप उभा राहतोच: ज्या आधीच आजारी, त्या कमी चालणारच. संशोधकांनी त्याचा शक्य तितका हिशेब केला आहे. पण तो शंका पूर्णपणे फेडणारा नाही. चालताना किंवा जिना चढताना ज्यांच्या छातीत दुखते, त्यांनी तर हे आकडे बाजूस ठेवून प्रथम वैद्यास गाठावे.

माझी आई आता ८१ वर्षांची आहे. अण्णा गेल्यापासून तिने हृदयविकार हा शब्द घरात उच्चारलेला मला आठवत नाही. तिचे गुडघे दुखतात, आवारात उतरणे तिला होत नाही. २,७०० आणि ४,४०० यांतील अंतर मी तिला समजावून सांगितले, तेव्हा तिने आकडे ऐकून घेतले आणि ‘एवढे कोण मोजीत बसतो!’ म्हणून विषय संपविला. दुसऱ्या दिवशी तिने डब्यातून दहा चिंचोके काढले. देवघरापासून सज्जापर्यंत एक खेप झाली, की ती एक चिंचोका खिडकीच्या डाव्या कडेवरून उजव्या कडेवर सरकविते. परवा सकाळी मी पाहिले, तेव्हा खिडकीत चौदा चिंचोके होते.