नऊ एकांचं ऋण

सरांचं ऋण सांगायचं तर आधी एक संख्या लिहावी लागते : १२३४५६७८९८७६५४३२१.

मी पैठण तालुक्यातली, दहावीला औरंगाबादेत मावशीकडे राहत होते. औरंगपुऱ्यात सरांची शिकवणी होती. त्या साली पाऊस दगा देऊन गेला, गावाकडून पैसे येईनात. सरांनी फी कधी मागितली नाही. ते उपकार आहेतच, पण मला सांगायचंय ते दुसरंच.

एका संध्याकाळी त्यांनी आम्हाला नऊ वेळा एक लिहायला लावला आणि त्या संख्येला तिनंच गुणायला सांगितलं. एकाखाली एक नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. बेरजेला उजवीकडून एक, दोन, तीन असं चढत मधल्या रकान्यात बरोबर नऊ आले, मग उतरत पुन्हा एक. कुठेच हातचा नाही! अंकांची बेरीज ८१. सर म्हणाले, “आता ८१नंच भागा.” भाग पूर्ण गेला. आलेला भागाकार १२३४५६७९चा वर्ग निघाला, आणि त्या संख्येत आठच नाही. परीक्षेत यातलं काहीही येणार नव्हतं.

मग सरांनी कापरेकरांचं नाव सांगितलं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, १९०५चा. १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तर. पदव्युत्तर पदवी नाही, हाताशी कागद-पेन्सिल. अशा चढत्या-उतरत्या संख्यांना त्यांनी ‘डेमलो’ म्हटलं, तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवरच्या त्याच नावाच्या स्टेशनावरून, म्हणजे आपलं डोंबिवली. स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या त्या ‘हर्षद’. आमची सतरा अंकी संख्या दोन्हींत बसत होती. त्यांचा ६१७४ हा स्थिरांक तर गणितावर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली आपल्या सदरातून जगभर पोचवला. देवळालीच्या मास्तरांचा आनंद औरंगपुऱ्यातल्या मास्तरांपर्यंत आला आणि तिथून माझ्यापर्यंत, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

मी विचारलं, “सर, दहा एक घेतले तर?”

“घरी मांडून बघ. घाई नको, रकाने सरळ ठेव.”

रात्री मावशीच्या स्वयंपाकघरात ताव पसरून बसले. मधल्या रकान्यात दहा झाले, हातचा आला, शेजारच्या नवाचे दहा झाले, पुन्हा हातचा. उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. मधोमध दोन शून्यं, आणि डावीकडचा आठ पुन्हा नाहीसा!

दुसऱ्या दिवशी सरांना दाखवलं. त्यांना ते ठाऊक असणारच. तरी त्यांनी वही हातात घेतली, रकान्यांवरून बोट फिरवत शून्यापाशी थांबले आणि हा हातचा कुठून सुरू झाला, पुढे कसा गेला, ते माझ्याकडून सगळं वदवून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या, गावाकडच्या मुलीचं बोलणं एवढं मन लावून तोवर कुणी ऐकलं नव्हतं. पुढे मी गणित घेतलं, ते त्या दिवशीच ठरलं.

वही परत देताना ते म्हणाले, “अगं, मग आता अकरा एकांचं काय होतं?”