न्हाणीघराचें टिकाऊपण

घराची दुरुस्ती निघाली म्हणजे दिवाणखान्याचा रंग व स्वयंपाकघरांतील ओटा ह्यांविषयीं लहानथोर सर्वांचीं मतें तयार असतात. न्हाणीघराचा विचार मात्र बहुधा शेवटीं, हातांतील पैसा सरत आल्यावर होतो. वस्तुतः पाणी, वाफ, साबण आणि क्षार ह्यांचा मारा रोज सोसणारी दुसरी जागा घरांत नाहीं. बारा माणसांच्या कुटुंबांत तर तेथें पहांटे पांचापासून पाळ्या लागतात. २०२४ सालीं आमच्या पुण्याच्या घरांतील वरच्या मजल्यावरचें न्हाणीघर नव्यानें करण्याचा प्रसंग आला, तेव्हां टिकाऊ कशास म्हणावें, ह्याचा आम्हांस सविस्तर विचार करावा लागला. तो गृहस्थाश्रमी वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम रोगाचें निदान. आमच्या न्हाणीघराखालीं माजघर आहे. तीस-पस्तीस वर्षांत वरच्या फरशीचे सांधे झिजून पाणी आंत मुरूं लागलें, आणि माजघराच्या छताचा गिलावा सुटून आंतील लोखंडी सळ्या दिसूं लागल्या. गंज हा मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो. त्यामुळें गंजणारी सळई फुगून भोंवतालचें काँक्रीट फोडते. खालीं मुलें अभ्यासास बसत, तेव्हां हा प्रश्न शोभेचा राहिला नव्हता. आम्ही असें ठरविलें कीं, न दिसणाऱ्या भागास आधीं पैसा द्यावा, दिसणाऱ्यास मागाहून.

न दिसणारे भाग तीन: उतार, जलरोधक थर व भिंतीआडच्या नळ्या. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रजचें पाणी पुण्याच्या हौदांत आलें, तें केवळ उताराच्या बळावर. न्हाणीघरांतही तत्त्व तेंच. दर मीटरास सुमारें दीड सेंटिमीटर उतार मोरीच्या तोंडाकडे असला म्हणजे पाणी तुंबत नाहीं, व न तुंबलेलें पाणी सहसा मुरत नाहीं. जलरोधक थर जमिनीवर देऊन थांबूं नये, तो भिंतीवरही चढवावा. आणि फरशी बसविण्यापूर्वीं मोरीचें तोंड बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवावें व खालचें छत तपासावें. गवंडी ह्या परीक्षेस कंटाळतो. यजमानानें कंटाळूं नये. जुन्या जस्ती लोखंडी नळ्या आंतून गंजून अरुंद होत जातात. म्हणून त्यांच्या जागीं कढत पाणी सोसणाऱ्या सीपीव्हीसीच्या नळ्या आम्ही घातल्या.

आतां दिसणाऱ्या भागांविषयीं. नळ हा शब्द संस्कृत 'नल' ह्यापासून आला, व नल म्हणजे पोकळ दांड्याचें, बोरूच्या जातीचें गवत. अर्थात् नळाचें सार त्याच्या पोटांत आहे. बाजारांत सर्वच तोट्या सारख्या चमकतात, कारण वरचा क्रोमियमचा मुलामा अत्यंत पातळ असून तो जसा पितळेवर, तसा हलक्या जस्तमिश्र धातूवर किंवा प्लास्टिकवरही देतां येतो. आमच्या सूनबाईंनीं दुकानांत सारख्या आकाराच्या दोन तोट्या दोन हातांत तोलल्या आणि जड होती ती पत्करली. परीक्षा साधी, पण योग्य. तोटींत रबरी वायसराऐवजीं सिरॅमिकच्या चकत्या असल्या तर त्या फार दिवस चालतात. मात्र पाण्यांतील रेती त्यांस ओरखडे पाडते, म्हणून टाकीपुढें गाळणी हवी. रत्नागिरी-मालवणकडे, समुद्राकाठीं घर असल्यास, स्टेनलेस स्टीलच्या वस्तु ३०४ ऐवजीं ३१६ प्रतीच्या घ्याव्या. त्यांत मॉलिब्डेनम असल्यामुळें खाऱ्या हवेंत डाग पडण्याचें भय कमी.

फरशी निवडतांना भिंतीची आणि जमिनीची अशी निराळी पाहावी. भिंतीच्या झिलईदार टाइल्स आपल्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक पाणी शोषूं शकतात. व्हिट्रिफाइड फरशी ०.५ टक्क्याच्या वर शोषीत नाहीं. जमिनीस तीच घ्यावी, पण खरखरीत पृष्ठभागाची. आणि सांधे एपॉक्सीनें भरावे. उन्हाळ्यांत विंधणविहिरीचें जड पाणी आलें कीं सर्वत्र पांढरे थर बसतात, व ते काढण्यास लोक ॲसिड ओततात. त्या ॲसिडानें शहाबादी फरशी, सिमेंटचे सांधे व नळांचा मुलामा हीं तिन्ही खराब होतात. रोज शेवटच्या स्नानानंतर कोरड्या फडक्यानें पुसणें, हा उपाय त्याहून स्वस्त.

राहिली एक गोष्ट. आमच्या मातोश्री नव्वदीच्या घरांत आहेत. स्नान व देवपूजा ह्या दोन गोष्टींस त्या अद्याप कोणाचा हात लागूं देत नाहींत. काम चालू असतां त्या म्हणाल्या, "अरे, मला धरूं नका, मला धरायला कांहीं तरी द्या." तेव्हां कळलें कीं टॉवेलाची दांडी वेगळी आणि आधाराची दांडी वेगळी. ती स्टीलची, मुठींत मावेल अशी, साडेतीन सेंटिमीटरांच्या आसपास जाडीची असावी, आणि तिचे बोल्ट टाइलवर न थांबतां आंतील भरीव विटांत रुतलेले असावे. जागा ठरविण्यासाठीं मातोश्रींस अर्धवट झालेल्या न्हाणीघरांत चौरंगावर बसविलें व उठावयास सांगितलें. त्यांचा हात भिंतीवर जेथें गेला, तेथें गवंड्यानें खडूनें खूण केली. आज त्या एकट्या स्नान करून, ओलेत्यानें देवघरापर्यंत येतात. सर्व खर्चांत त्या दांडीचा खर्च अगदीं थोडा होता.

शेवटीं एक सूचना. नळ्या भिंतीआड जाण्यापूर्वीं त्या कोठून कशा गेल्या आहेत, तें मोजमापांसह कागदावर उतरवावें आणि तो कागद घराच्या दस्तऐवजांत ठेवावा. पुन्हा ती भिंत उघडण्याची वेळ येईल तेव्हां तेथें उभे असणारे आपण बहुधा नसूं, नातवंडें असतील.