कुठवर आलो?

विकिपीडियावर तळटीपेचा बारीक आकडा दाबला की आपण धाडदिशी तळाशी जाऊन पडतो. तिथे शेदोनशे टिपांची दाटी. त्यात आपली कोणती? तर तेवढीच एक ओळ फिक्या निळ्या रंगाने भरलेली. शेजारी वर तोंड केलेला बाण. तो दाबला की वाचत होतो त्याच वाक्याशी परत. इतकी वर्षं हे गृहीतच धरलं होतं. परवा एका कार्यालयाच्या लांबलचक पानावर अनुक्रमणिकेतलं शीर्षक दाबलं, पान उसळलं आणि शीर्षक डोक्यावरच्या न हलणाऱ्या पट्टीखाली गडप! समोर भलताच परिच्छेद. वेबपानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये ‘स्क्रोल-पॅडिंग-टॉप’ची एक ओळ लिहिली की हे टळतं. ती कुणी लिहिली नव्हती, तेव्हा कुठे त्या निळ्या रंगाची किंमत कळली.

आजी श्रावणात पोथी वाचायची. सुट्या, आडव्या पानांची, शिळाप्रेसवर छापलेली, तांबड्या फडक्यात बांधलेली. एकदा सरीबरोबर वारा घुसला आणि पानं ओसरीभर झाली. आजी जागची हलली नाही. “आकडे बघून लावा रे,” एवढंच म्हणाली. आकडा पानाच्या पाठीवर, तोही दोनदा: डाव्या समासात वरच्या अंगाला, ग्रंथाच्या नावातल्या दोन-तीन अक्षरांखाली, आणि उजव्या समासात खालच्या अंगाला, ‘राम’ या अक्षरांखाली. दोनदा कशाला, ते पानं गोळा करतानाच उमगलं. कित्येक पानांचा एक कोपरा कसरीने खाल्ला होता, दुसरा शाबूत होता. आणि नावाची अक्षरं कशाला? तर वाऱ्याने शेजारची दुसरी पोथीही उधळली होती. ती हाताने लिहिलेली. तिच्यात ओव्यांच्या आकड्यांवर आणि अध्यायाच्या समाप्तीवर गेरू चोळलेला. अध्याय कुठे संपला ते ओसरीच्या त्या टोकावरूनही दिसे. गठ्ठे लागले. “कुठवर आलो होतो?” आजीने विचारलं. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय, तोवर तिने पुढची ओवी म्हणायला घेतलीसुद्धा.

दासबोधाला तर पानाच्या आकड्याचीही गरज नाही. 20 दशक, दर दशकात 10 समास, समासात आकडे घातलेल्या ओव्या. छापखाना कुठलाही असो, दशक-समास सांगितला की माणूस बरोबर जागेवर येतो. वेबपानात हे काम पत्त्याच्या शेपटाला लावलेली हॅशची खूण करते. चाळीस परिच्छेदांचं पान लिहायचं आणि एकाही शीर्षकाला ती खूण द्यायची नाही, हा आळस मला समजत नाही.

त्याहून नावडती ती तळच नसलेली पानं. एक बातमी संपते न संपते तोच दुसरी सुरू, आणि मघाचं वाक्य शोधायला जावं तर ते कुठल्या कुठे. आझा रास्किन या इंटरफेस-रचनाकाराने 2006 मध्ये हा न संपणारा स्क्रोल रचला आणि पुढे त्याबद्दल जाहीर खंतही व्यक्त केली. व्यक्त करून काय, पानं धावतायतच.

उरली कडेची सरकपट्टी. पान किती लांब आणि आपण त्यात कुठे, हे एका नजरेत सांगणारी. 2011 साली ॲपलने मॅकवर तीही दडवली: बोटं हलली की दिसते, थांबली की नाहीशी. अहो, किती वाचून झालं हे थांबल्यावरच तर बघायचं असतं! मॅकच्या सेटिंग्जमध्ये ती कायम दिसत ठेवायची सोय आहे. मी लावून घेतली आहे. तुम्हीही लावा.