शंका दाराबाहेर ठेवून



या पानावर कोणी मुलांच्या अभ्यासाबद्दल लिहिते, कोणी काटकसरीबद्दल, कोणी लग्नातल्या वायफळ खर्चाबद्दल. आम्ही या वेळी सिनेमाबद्दल लिहिणार आहोत. आम्ही काही समीक्षक नव्हे. भोर तालुक्यातल्या भोंगवलीचे राहणारे, नीरेवरचा सारोळ्याचा पूल ओलांडून शिरवळच्या कारखान्यात पाळीला जाणारे. पण गेल्या काही महिन्यांत आमच्या घरात, कधी टीव्हीवर तर कधी मुलांच्या मोबाईलवर, इतके सिनेमे पाहून झाले आणि त्यावरून इतकी भांडणे झाली, की ती कोणाला तरी सांगितल्यावाचून राहवेना.

सुरुवात झाली हाणामारीवरून. कुठला तरी दक्षिणेकडचा सिनेमा हिंदीत लागला होता. हिरोने धावत्या जीपला लाथ मारली आणि जीप नारळाच्या झाडावरून पलीकडे गेली. पोराने टाळी वाजवली. आम्ही म्हणालो, "काहीपण दाखवतात!" तशी आमची आई, वय पंचाहत्तरच्या पुढे, आमच्यावरच उखडली. "तू गप बस रे. राग आला की माणसाच्या अंगात बळ येतं. तुला कधी आला का तसला राग?"

यावर आमच्या मुलीने, ती बी.ए.ला इंग्रजी घेऊन शिकली आहे, आपले ज्ञान पाजळले. कोलरिज नावाच्या इंग्रज कवीने १८१७ साली लिहून ठेवले आहे म्हणे, की गोष्ट ऐकणाऱ्याने आपला अविश्वास थोडा वेळ राजीखुशीने बाजूला ठेवायचा असतो, तरच गोष्टीत गोडी येते. आईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे चपला ठेवतो तशी शंका दाराबाहेर ठेवायची. जाताना परत घालायची." कोलरिजला याहून सोपे सांगता आले असते असे आम्हांस वाटत नाही.

पण आमचे घर शंका विचारणारे. वडिलांनी लहानपणापासून शिकवले, की कोणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, पोथीत लिहिले म्हणून मानू नका, तपासा आणि मग माना. बुद्धांनी कालामांना हेच सांगितले होते. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध प्यायला लागले, तेव्हा लोक तांबे घेऊन रांगा लावत होते आणि आमच्या वस्तीतले दूध पोरांच्या पोटात गेले. वडील तर दोन दिवस हसत होते. आणि त्याच वर्षी आम्ही पोरांनी वर्गणी काढून भाड्याने टीव्ही-व्हिडिओ आणला आणि रात्रभर 'नगिना' पाहिला. श्रीदेवीच्या डोळ्यांचा रंग बदलला तशी अर्धी वस्ती गोधडीत शिरली. साप दूध पीत नाही, साप सूड घेत नाही, हे शाळेत शिकलेले आम्ही सगळे, पण पहाटे लघवीला एकटे जायची कोणाची छाती झाली नाही. वडीलसुद्धा कंदील घेऊन गेले. सकाळी आम्ही विचारले तर म्हणाले, "काट्याकुट्याचं भ्या असतं."

तसे आमच्या तालुक्याचे सिनेमाशी जुने नाते. दादा कोंडके जन्मले मुंबईत, नायगावला, पण त्यांचे मूळ गाव इंगवली, आमच्याच भोर तालुक्यातले. १९७१ साली 'सोंगाड्या' आला आणि लोंबत्या नाडीच्या चड्डीतला भोळा नाम्या घरोघरी पोहोचला. आमची आई दादांच्या सिनेमाला अजून हसते आणि हसताना पदर तोंडाला लावते. त्या सिनेमांतल्या बायकांकडे ज्या नजरेने पाहिले जाते, ते आमच्या मुलीला आवडत नाही, आणि खरे सांगायचे तर आता आम्हांलाही तिच्यासमोर बसून ते पाहवत नाही. पण गिरणीतल्या माणसाचे, गावातल्या माणसाचे बोलणे त्यांनी जसेच्या तसे पडद्यावर आणले, हेही खोटे नाही.

भोरच्या राजवाड्यात तर शूटिंग नेहमीचेच. एका ऐतिहासिक सिनेमासाठी गर्दीतली माणसे हवी होती, तेव्हा आमचा चुलतभाऊ दोन दिवस रोजावर गेला. रोज आणि वर जेवण. सकाळी तो एका बाजूचा सैनिक म्हणून मेला. जेवण झाल्यावर पागोटे बदलून दुसऱ्या बाजूचा म्हणून मेला. पुढे सिनेमा लागला तेव्हा आम्ही सहाजण एस.टी.ने स्वारगेटला उतरून थिएटरात गेलो. भाऊ दिसला तो डोळ्याचे पाते लवेपर्यंत, तोही पाठमोरा. भाला लागला आणि आडवा झाला. आमच्या आईने डोळ्याला पदर लावला. तिच्याच शेजारच्या खुर्चीत भाऊ शेंगा खात बसला होता! तो म्हणाला, "काकी, मी इथं आहे की." आई म्हणाली, "माहितीये रे. पण तिथं पडलास ना."

हे आम्ही पुष्कळ वर्षे घरातला विनोद म्हणून सांगत आलो. यंदाच्या जयंतीला मात्र त्याचे वेगळे रूप दिसले. विहारासमोर पडदा लावून डॉ. जब्बार पटेल यांचा २००० सालचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' दाखवला. बाबासाहेबांची भूमिका केरळचे नट मामुट्टी यांनी केली आहे, त्यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. महाडचा प्रसंग आला. भोरहून वरंधा घाट उतरले की महाड. चवदार तळ्यावर आम्ही कितीदा जाऊन आलो आहोत. १९२७ सालच्या २० मार्चला काय झाले ते पाचवीतल्या पोरालाही तोंडपाठ. पण पडद्यावर ओंजळ तोंडाशी गेली तसा आमच्या आईच्या गळ्यातून घोट उतरला. आम्ही शेजारीच होतो, आम्हांला दिसला. आणि मग तिने पडद्याला हात जोडले.

घरी आल्यावर पोराने छेडले, "आजी, तो नट आहे. तू नटाच्या पाया पडलीस." आई म्हणाली, "नटाच्या नाही पडले. पाण्याच्या पडले." वर आणखी म्हणाली, "आणि पाण्यात देव आहे म्हणून नाही, ते आधी मिळत नव्हतं म्हणून." यावर पोरगा गप्प झाला. आम्हीही.

आता आमचा स्वतःचा एक हट्ट सांगतो. जीप झाडावरून गेलेली आम्हांला चालते, कुरकुर करत का होईना. पण आमच्या लहानपणीच्या हिंदी सिनेमातला गरीब आम्हांला कधी पटला नाही. झोपडी असायची, पण भांडी पितळेची आणि घासलेली. आई शिवणयंत्रावर बसलेली. हिरो गरीब, पण कोणत्या वस्तीतला, कोणाच्या पोटचा, हे कधी कळायचे नाही. अमिताभ बच्चन यांचे नाव पडद्यावर सारखे विजय असायचे. 'जंजीर'मध्ये १९७३ साली विजय खन्ना, 'दीवार'मध्ये १९७५ साली विजय वर्मा. आम्ही त्याच्यासाठी शिट्ट्या मारल्या, बिल्ला नंबर ७८६ साठी जीव टांगणीला लावला, पण तो आमच्या वाड्यात राहायला आला असता तर त्याचे आडनाव खन्ना कसे असते? हा प्रश्न चपलेसारखा बाहेर ठेवावा लागायचा आणि जाताना तो रोज सापडायचा.

म्हणून नागराज मंजुळे यांचा 'झुंड' आला २०२२ साली, तेव्हा आम्ही तिकीट काढून गेलो, आणि परवा टीव्हीवर लागला तेव्हा पुन्हा पाहिला. त्यातही अमिताभच आहेत आणि नावही विजयच, पण या वेळी विजय बोराडे. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या विजय बारसे यांच्यावरून घेतलेली गोष्ट. त्यात जयंती आहे, डीजे आहे, निळे झेंडे आहेत, आणि बाबासाहेबांच्या मोठ्या प्रतिमेसमोर अमिताभ उभे आहेत. आमच्या घरात त्या क्षणी कोणी बोलले नाही. जीपने झाडावरून उडी मारली तेव्हा विश्वास ठेवणारी आमची आई या वेळी पुढे सरकून बसली आणि म्हणाली, "हे खरंच आहे का रे? का आपल्या पोरांनी मोबाईलवर जोडलंय?" वाचकहो, कोणत्या गोष्टीवर शंका घ्यायची सवय आम्हांला लागली आहे ते पाहा. सिनेमा तसा लांबला आहे, शेवटच्या तासात आमचा पाय अवघडला. पण तेवढ्या एका मिनिटासाठी आम्ही तिसऱ्यांदाही बसू.

आता मूळ गोष्टीकडे येतो, जिच्यासाठी हे लिहायला घेतले. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी लागला. पहिल्या वेळी आम्ही सगळे गेलो होतो. मध्यंतरापर्यंत लोक खुर्च्या सोडून नाचत होते, आमचा पोरगाही नाचला. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते; मासेमारी करणाऱ्याच्या पोरावर, परश्यावर, जीव लावते. मागे बसलेला एकजण म्हणाला, "असली पाटलाची पोरगी कुठं असती का?" शेवटची दहा मिनिटे आली, तेव्हा मात्र असे कुठे असते का, असे कोणी विचारले नाही. ते लहान पोर उंबऱ्याबाहेर जाते आणि आवाज बंद होतो. थिएटरातून लोक लग्नाघरातून मयत उचलल्यासारखे बाहेर पडले.

१९३६ साली 'अछूत कन्या' नावाचा सिनेमा निघाला होता, अशोककुमार आणि देविका राणी यांचा. त्यातही अस्पृश्य मुलगी शेवटी रेल्वेखाली जाते. 'सैराट' त्यानंतर ऐंशी वर्षांनी आला. आणि 'सैराट' लागायच्या आधी दोन वर्षे, २८ एप्रिल २०१४ रोजी, नगर जिल्ह्यात खर्ड्याच्या नितीन आगे या सतरा वर्षांच्या आपल्या पोराला वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो या संशयावरून मारून टाकले. २०१७ साली कोर्टातून आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फिरले. आम्ही तिकीट काढून न घडलेले खरे मानतो. तिथे माणसांनी पाहिलेले पाहिलेच नाही म्हणून शपथेवर सांगितले.

तेव्हा आम्ही घरी येऊन त्या पाटलाला, त्याच्या पोराला पोटभर शिव्या घातल्या. मुलगी शाळेत होती. तिने ऐकले.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर तिने आईला सांगितले, की एक मुलगा आहे. शिरवळलाच नोकरीला, आय.टी.आय. झालेला, निर्व्यसनी. आपल्यातला नाही. वरच्या जातीतलाही नाही. गावाच्या उतरंडीत आमच्याही खाली ज्यांना ढकलले गेले, त्यांच्यातला. तिच्या आईने रात्री आम्हांला सांगितले. आणि आम्ही, ज्यांच्या घरात बाबासाहेबांचे 'जातिभेद निर्मूलन' कपाटात नाही तर उशाशी असते, जातीवर खरा इलाज आंतरजातीय लग्न हाच, असे १९३६ साली त्यांनी लिहिले हे जे दर जयंतीला माइकवरून सांगतात, ते आम्ही आठ दिवस मुलीशी बोललो नाही. शिव्या दिल्या नाहीत. हात उगारला नाही. फक्त बोललो नाही. ताटात भाकरी पडायची, ती खाऊन पाळीला जायचो. मनात काय काय यायचे: लोक काय म्हणतील, भावकी काय म्हणेल, त्यांच्या घरी खाणेपिणे कसे असेल. शेवटचा विचार आला तेव्हा आम्ही पुलावर होतो. गाडी बाजूला घेऊन उभे राहिलो.

त्या रविवारी टीव्हीवर 'सैराट' लागला. कोणी लावला ते आम्हांला माहीत नाही, आईवर संशय आहे. सगळे बसले. मुलगी भिंतीला टेकून बसली होती. हैदराबादचे दिवस आले, आर्ची घराच्या आठवणीने रडू लागली, तशी मुलगी उठली आणि मोरीत भांडी घासायला गेली. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती, आवाज येत होता. शेवट जवळ आला. आर्चीच्या माहेरची माणसे भेटी घेऊन दारात आली. आई म्हणाली, "बंद कर ते."

पोरगा म्हणाला, "आजी, सिनेमाच आहे."

आई त्याला काही बोलली नाही. आमच्याकडे बघून म्हणाली, "हिला पण असंच वाटतंय बघ. आपण दारात आलो तर काय घेऊन येऊ ते तिला माहीत नाही."

आम्ही टीव्ही बंद केला. मोरीच्या दाराशी गेलो आणि काय बोलावे ते सुचेना, म्हणून म्हणालो, "त्याची पाळी कोणती असते?" तिने मागे न बघता सांगितले, "या आठवड्यात पहिली." आम्ही म्हणालो, "मग संध्याकाळी चहाला येऊ दे."

तो गुरुवारी आला. नवा शर्ट, केसांना पाणी. आईच्या पाया पडायला वाकला तर आईने त्याला मधेच धरले आणि जयभीम घाल म्हणाली. त्याने घातला. पाणी दिले, चहा दिला. कोणाला काही सुचत नव्हते, म्हणून पोराने टीव्ही लावला. त्यावर पुन्हा तोच जीपवाला हिरो. या वेळी त्याने गोळी दातांत धरली. आम्ही आणि तो मुलगा एकदमच म्हणालो, "काहीपण!" आणि दोघेही ओशाळलो.

आईने त्याला विचारले, "तू 'सैराट' बघितला का रे?"

तो म्हणाला, "बघितला आजी. पण आता लागला तर मध्यंतरापर्यंतच बघतो."

आई म्हणाली, "मग जरा सरक इकडं. तुझं डोकं मधी येतंय."