कोटा आला का?

आमच्या पिढीला बासमतीचा वास उशिरा कळला. रेशनच्या तांदळाचा आधी. गोणपाट, गोदामातली ओल आणि कसलीशी पावडर यांचा मिळून झालेला तो वास चाळीच्या जिन्यात शिरला, की आज कोणाच्या घरी रेशन भरलंय हे न विचारता कळायचं. हा वास चांगला नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्याच वासाबद्दल गहिवरून बोलण्याची शक्यता आहे, आणि साठी उलटलेल्या माणसाच्या गहिवरावर वाचकाने फार विसंबू नये.

मुंबईत रेशन सुरू झालं १९४३ साली, महायुद्धाच्या धामधुमीत. युद्ध संपलं, मधे कंट्रोल उठला, पुन्हा बसला. कार्ड मात्र घरातून गेलं नाही. आम्हाला कळू लागलं तोवर त्यावर अमेरिकेचा गहू येत होता. पी. एल. ४८० हे तिकडच्या एका कायद्याचं नाव आहे हे पुढे कॉलेजात समजलं. तोवर ती गव्हाची जात आहे अशीच आमची समजूत. १९६५ साली शास्त्रीजींनी देशाला आठवड्यातून एक वेळ जेवण सोडायला सांगितलं. लालबाग-परळच्या पुष्कळ घरांना त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नसेल.

कार्डाचा थाट काय होता! प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटात साड्यांच्या घडीखाली, एलआयसीच्या कागदांच्या शेजारी. मोठ्या माणसाचं एक युनिट, पोराचं अर्धं. आपण अर्धे आहोत हे आम्ही प्रथम तिथे वाचलं. मुलीचं लग्न झालं की तिचं नाव बापाच्या कार्डातून कमी करून नवऱ्याच्या कार्डात चढवायचं. मांडवात न रडलेले बाप रेशन ऑफिसात नाव कमी केल्याचा दाखला घेताना हळवे झालेले आम्ही पाहिलेत. आया मात्र तिथेही हिशेब सोडत नसत: दिवाळीची जादा साखर हातात पडू द्या, मग जा दाखला आणायला. म्हातारं माणूस गेलं तरी नाव काढायची कोणाला घाई नसे. तेरावा होऊन गेल्यावरही काही महिने त्याची साखर येत राही, आणि त्या साखरेचाच त्याच्या नावाने शिरा होई.

आता नाव मोबाइलवर चढतं आणि मोबाइलवरच उतरतं. ई-केवायसी राहिली तर चालत्याबोलत्या माणसाचं धान्य थांबतं. तेव्हा मेलेले साखर खात होते. आता जिवंतांना आपण जिवंत आहोत हे यंत्राला पटवावं लागतं. या यंत्राने चोरी कमी केली, आणि ती कमी व्हायलाच हवी होती. आमच्या आजीच्या पाव किलो साखरेचं कौतुक सांगताना आम्ही सोयीस्करपणे विसरतो, की त्याच काळात खोट्या कार्डांवर गोणीच्या गोणी मागच्या दाराने जात होत्या आणि पुढच्या दारावर ‘माल नाही’ची पाटी लटकत होती.

रांग लागायची पहाटे. माणसांआधी वस्तू उभ्या राहात: कोणाची पिशवी, कोणाची वीट, कोणाची एकच चप्पल. घासलेटच्या रांगेत तर नुसते डबे, कडीला दोरी ओवून एकमेकांना बांधलेले, म्हणजे मधला कोणी पुढे सरकायला नको. उन्हं वर आली की माणसं येत आणि आपापल्या विटेमागे उभी राहात. दुकानावर पाटी ‘अधिकृत शिधावाटप दुकान’, खाली काळा फळा. त्यावर गहू, तांदूळ, साखर, पामतेल आणि प्रत्येकापुढे खडूने आकडा. बहुतेक वेळा शून्य, आणि तेही आदल्या महिन्याचं.

“शेठ, कोटा आला का?”

“आला की फळ्यावर लिहिणार ना, मावशी.”

हा संवाद इतक्यांदा ऐकला, की शाळेच्या नाटकात दुकानदार झालेल्या पोराने तो पाठ न करताच म्हटला असता. त्या रांगेत भिशीचे पैसे फिरले, स्थळं सुचवली गेली, कोणाच्या सासूने काय केलं याचे हप्ते चालले. पण रांग प्रेमळ होती असं कृपया समजू नका. नळावरची भांडणं तिथे पुढे चालू व्हायची. काटा स्थिर व्हायच्या आत माल पिशवीत ओतला जायचा, आणि बाईने ‘पुन्हा जोखा’ म्हटलं की मागची रांगच तिच्यावर ओरडायची. आपला नंबर आला की दुकान जेवायला बंद होई.

आता वीट लागत नाही. दुकानात यंत्र आहे, त्यावर अंगठा ठेवायचा. चिठ्ठी निघते, तिच्यावर किलो आणि ग्रॅम स्वच्छ छापलेले. मागे सरकून पुन्हा जोखायला सांगितलं तर कोणी ओरडत नाही, कारण मागे फारसं कोणी नसतं. मात्र सर्व्हर बसला की सगळे बसतात. आयुष्यभर भांडी घासलेल्या, विटा वाहिलेल्या बायांच्या बोटांच्या रेषाच झिजलेल्या असतात. अंगठा काही उठत नाही. दुकानदार म्हणतो, “मावशी, बोट पुसा, जरा दाबून ठेवा.” मावशी पदराला बोट पुसते, दाबते, पुन्हा पुसते. पूर्वी कोट्याची वाट पाहायचो, आता नेटवर्कची.

गावाकडचं आमच्याहून वाईट होतं. १९७२च्या दुष्काळात मिलो आली, अमेरिकेतली लाल ज्वारी. तिकडे ती जनावरांना घालतात हे कोणीतरी गावात सांगितलं आणि भाकरीच्या प्रत्येक घासाबरोबर ते आठवू लागलं. भाकरी लालसर व्हायची, थापताना कडेला चिरायची. पण खायचे सगळे. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची, सुकडी खायची. पुढे अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी त्या दुष्काळाचा अभ्यास केला आणि एवढा मोठा दुष्काळ पडूनही दुर्भिक्ष्याचे बळी पडले नाहीत याचं श्रेय मुख्यतः त्या कामांना दिलं. आमच्या चुलत्यांना द्रेझ ठाऊक नव्हते. खडी आणि सुकडी ठाऊक होती, आणि दोन्हींना ते सारख्याच शिव्या देत. त्याच सुमाराला मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यामागे बाया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. साखर आणि तेल वेळेवर मिळावं एवढंच मागणं. आज तेवढ्यासाठी कोणी लाटणं काढत नाही, एक तर ते स्वयंपाकघरात सापडत नाही.

आणि निवडणं. याच्यावर मला थोडं रेंगाळू द्या. दुपारची भांडी झाली की गॅलरीत बाया सूप आणि परात घेऊन बसायच्या. आधी पाखडायचं, मग परातीत मूठभर तांदूळ एका कडेला लोटायचे, बोटाने एकेक ओळ पुढे ओढायची आणि खडा दिसला की चिमटीत धरून गॅलरीबाहेर. आम्हा पोरांना शेजारी बसवायचे, कारण आमचे डोळे तीक्ष्ण. पांढऱ्या तांदळातला पांढरा खडा हेरणं ही विद्या होती, आणि ती ज्याला यायची त्याला दुपारी गुळाचा खडा मिळायचा. गव्हात माती, कधी सुतळीचे तुकडे, कधी किडे, किड्यांसाठी ऊन. हाताला काम आणि तोंडाला मोकळीक, म्हणून जगातल्या सगळ्या गोष्टी आम्ही त्या परातीभोवती ऐकल्या. कोण पळून गेली, कोणाच्या गिरणीत पाळी बंद झाली, आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून कोणती वाक्यं अर्धीच सोडली जातात, सगळं. आठवण हीसुद्धा निवडलेल्या तांदळासारखीच. खडे मागेच कुठेतरी फेकून झालेले असतात. तेव्हा सांगायला हवं की एवढं निवडूनही जेवताना दाताखाली कचकन खडा यायचा, वडील ताट सरकवायचे आणि आई त्या दिवशी गप्प जेवायची. तिची ती दुपार कामाची होती. आमचीच तेवढी गमतीची.

आता रेशनचा तांदूळ पुष्कळ स्वच्छ येतो. आणि गंमत अशी, की बाया अजूनही निवडतातच! अलीकडच्या वर्षांत या तांदळात दर शंभर दाण्यांमागे एक दाणा कारखान्यात बनवलेला येऊ लागला: तांदळाच्याच पिठाचा, लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घातलेला, रक्तक्षय कमी व्हावा म्हणून. तो रंगाने जरा वेगळा दिसतो, पाण्यावर तरंगतो. ‘प्लॅस्टिकचा तांदूळ आलाय’ अशी आवई उठते, आणि जे सरकारने मुद्दाम घातलं ते घरात वेचून टाकलं जातं. आम्ही खडे काढत होतो. आता लोह काढतात. दुकानात चार ओळींत हे कोणी समजावून सांगत नाही, म्हणून हा दोष वेचणाऱ्या हातांना लावायची माझी तयारी नाही.

त्या काळी या धान्याने घरात नेमकं काय व्हायचं? पोट भरायचं, हे उत्तर अपुरं आहे. महिन्याचं पूर्ण रेशन उचललं की वाण्याकडच्या भावातला फरक आईच्या हातात उरायचा. त्यातून वह्या यायच्या, जूनमध्ये प्लॅस्टिकचे बूट यायचे, डॉक्टरची बाटलीतली लाल औषधं यायची. आमच्यातले कित्येक जण मॅट्रिक झाले ते या फरकावर. मात्र रेशनला उधारी नव्हती, आणि हे स्मरणरंजनात कोणी लिहीत नाही. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगारांच्या घरांत पगार थांबला. कार्ड होतं, कोटाही यायचा. उचलायला रोख पैसे नव्हते. वाणी वहीवर लिहून द्यायचा, पण त्याच्या भावाने. स्वस्त धान्य दुकानात पडून आणि महाग धान्य घरात, असे महिने त्या वर्षी गेले. ज्याला सगळ्यांत जास्त गरज, त्याच्याच हातून ते निसटायचं.

आज पैशांअभावी ते निसटत नाही. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो धान्य हा हक्क झाला. तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये. जानेवारी २०२३पासून तर फुकट. कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या मोठ्या बाईचं नाव. बीडचा ऊसतोड कामगार कोल्हापुरात जाऊन अंगठा लावून धान्य घेऊ शकतो. आमच्या काळी कार्ड गावाला आणि माणूस फडात, म्हणजे सहा महिने विकत. एवढं पुरेसं आहे ‘तेव्हाचं चांगलं’ या वाक्याला गप्प करायला. दिवाळीला जादा साखर मिळायची, तिथे २०२२ साली शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ आला: रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल. आमच्या काळी पिशवी आपली असायची आणि माल सरकारचा. शिध्याची पिशवीही सरकारची होती, आणि तिच्यावर हसरे फोटो. पामतेल मात्र तेच, थंडीत तसंच थिजणारं.

मग मी हळहळतो कशासाठी? त्या रांगेत बँकेतले कारकून होते, शाळामास्तर होते, साचेवाले होते. ज्यांना तो गहू नको असायचा ते कार्ड कामवालीला देत. कार्ड मालकिणीचं, गहू बाईचा. पण कार्ड सगळ्यांचं एकाच रंगाचं. म्हणून मापात मारलं तर मास्तर तक्रार लिहायचे आणि ती इंग्रजीत लिहिलेली असल्यामुळे वाचली जायची. १९९७ साली देशाने रेशन गरिबांपुरतं करायचं ठरवलं, आणि १९९९ साली महाराष्ट्राने कार्डांना रंग दिले: पिवळं, केशरी, पांढरं. गरजूंना जास्त मिळावं हा हेतू, आणि तो चूक म्हणवत नाही. पण पांढरं कार्ड गेल्यावर त्याच्याबरोबर मास्तरही रांगेतून गेले, आणि तक्रारही. पिवळं कार्ड वर्षाला १५ हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना. अन्नसुरक्षेतलं केशरी कार्ड शहरात ५९ हजारांपर्यंतच्यांना. म्हणजे महिन्याला पाच हजारांच्याही आत. आमच्या सोसायटीचा वॉचमन या हिशेबाने श्रीमंत ठरतो.

आणि त्या रांगेतून बाहेर पडलेले आम्ही आता काय करतो? सकाळी बागेत चालतो आणि बाकावर बसून म्हणतो, “फुकट धान्य देऊन देऊन लोकांना आळशी करून टाकलंय.” हे वाक्य मी अनोळखी माणसांकडून ऐकलेलं नाही. ज्यांच्याबरोबर विटेमागे उभा होतो, त्यांच्याकडून ऐकलंय. अमेरिकेचा गहू खाऊन, स्वस्त साखरेचा चहा पिऊन आमचे बाप तीन पाळ्यांत राबले. तेव्हा ते धान्य कोणाच्या अंगात मुरलं नाही. मग आताच ते कसं मुरेल, याचं उत्तर बाकावर कोणाकडे नसतं. मीही तिथे दर वेळी वाद घालतो असं नाही. कधी कधी नुसता बूट बांधतो.

राज्यात सात कोटी माणसं या धान्यावर आहेत. माणशी पाच किलो महिन्याला, म्हणजे दिवसाला १६६ ग्रॅम. तांदूळ घेतला तर एक मोठी वाटी. गहू घेतला तर पाच-सहा पोळ्या. डाळ, तेल, भाजी, गॅस, मीठ ज्याचं त्याने पाहायचं. बाकावरच्या मित्रांना माझं एवढंच सांगणं आहे: एक महिना एवढंच धान्य घरात आणा, आणि मग आळस करून दाखवा.